आधी स्पीकर, मग अ‍ॅम्प्लिफायर : नवख्यांसाठी जोडी जमवण्याची रीत

श्रावण लागला की माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर जळालेले ट्विटर, म्हणजे पेटीतले वरच्या सुरांचे छोटे स्पीकर, यायला लागतात. आधी आमच्या खानदेशातला कानबाईचा उत्सव, मग गावोगावचे सप्ताह, मग गणपती, मग नवरात्र. दिवाळीपर्यंत हा ओघ थांबत नाही. स्पीकरची पेटी घेऊन येणारा जवळपास प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो : "भाऊ, स्पीकर शंभर वॉटचा, अ‍ॅम्प्लिफायर फक्त चाळीसचा. मग जळाला कसा?"

या प्रश्नाचं उत्तर नीट कळलं, तर जोडी जमवण्याचं निम्मं शास्त्र कळलं असं समजा. ते उत्तर पुढे येईलच. पण आधी क्रम सांगतो, कारण चूक तिथूनच सुरू होते. बहुतेक जण दुकानात जाऊन वॉटचा आकडा बघून अ‍ॅम्प्लिफायर घेतात, मग उरलेल्या पैशात बसतील ते स्पीकर, आणि वायर तर घरात पडलेलीच वापरतात. मी उलट क्रम सांगतो. आधी जागा, मग स्पीकर, मग ओहम, आणि वॉट सगळ्यात शेवटी. पैशाची वाटणीही तशीच करा. दहा हजार असतील तर सहा-साडेसहा हजार स्पीकरवर घाला. दोन बऱ्या अ‍ॅम्प्लिफायरमधला फरक कानाला मुश्किलीने कळतो. दोन स्पीकरमधला फरक दारातून आत येताच कळतो.

जागा

ज्या खोलीत ऐकणार आहात तिथे जा आणि टाळी वाजवा. टाळीमागे झण्ण असा शेपटासारखा आवाज राहिला, तर कितीही महागडा संच आणा, शब्द चिकटलेलेच ऐकू येतील. आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांत हा त्रास कमी असतो. मातीच्या जाड भिंती, लाकडी छत, भिंतीतले कोनाडे, कोपऱ्यात रचलेली धान्याची पोती, हे सगळं आवाज शोषतं किंवा विखुरतं. माझ्या मामाच्या घरी साध्या कागदी कोनच्या स्पीकरवर भजन जसं उघडं ऐकू यायचं, तसं मला नंतर स्लॅबच्या घरात महागड्या पेट्यांवरही मिळालं नाही. स्लॅब, गुळगुळीत फरशी आणि काचेच्या खिडक्या असतील तर खाली सतरंजी टाका, खिडकीला जाड पडदा लावा, स्पीकरसमोरच्या भिंतीवर गोधडी टांगून बघा. हा खर्च अगदी थोडा आणि फरक मोठा.

पेट्या भिंतीला चिकटवू नका, निदान फूटभर पुढे ओढा. कोपऱ्यात ठेवलेली पेटी बेस वाढवते, पण तो बेस घुमतो, तबल्याचा बायां ओळखू येत नाही. दोन पेट्यांमधलं अंतर आणि पेटीपासून तुमच्या कानापर्यंतचं अंतर साधारण सारखं ठेवा. ट्विटर कानाच्या उंचीवर.

एक गोष्ट लिहून ठेवा : कानापासून स्पीकर किती अंतरावर आहे. हा आकडा पुढे हिशेबात लागेल. आपण १२ बाय १४ फुटांची खोली आणि ३ मीटर अंतर धरून चालू.

स्पीकरच्या पाठीवर काय लिहिलंय

तीन गोष्टी शोधा : ओहम, सेन्सिटिव्हिटी आणि आरएमएस वॉट, म्हणजे स्पीकर सलग सोसू शकतो तेवढे वॉट.

ओहम म्हणजे स्पीकर विजेच्या प्रवाहाला किती अडवतो ते. ८, ६ किंवा ४ लिहिलेलं असतं. हा ठोकताळ्याचा आकडा असतो, कारण खऱ्या गाण्यात तो सुरागणिक बदलत राहतो. पाटी पुसली असेल तर मल्टिमीटर लावा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण साडेपाच ते सात दाखवतो, ४ ओहमचा सव्वातीन ते साडेतीनच्या आसपास. मीटरवर ६ दिसले म्हणून '६ ओहमचा आहे' असं समजणारे खूप भेटतात. तो बहुधा ८ चाच असतो.

सेन्सिटिव्हिटी हा आकडा लोक वाचतच नाहीत, आणि माझ्या मते हाच सगळ्यात कामाचा आहे. स्पीकरला १ वॉट दिला आणि १ मीटरवरून मोजलं तर किती डेसिबल (डीबी) आवाज येतो, ते तो सांगतो. घरगुती लहान पेट्या ८४ ते ८८ डीबीच्या असतात. सभेसाठीचे १२ किंवा १५ इंची, कागदी कडा असलेले हलक्या कोनचे स्पीकर ९५ च्या पुढे जातात. आता लक्षात ठेवायचा नियम : आवाज ३ डीबीने वाढवायचा तर वॉट दुप्पट लागतात. ६ डीबीने वाढवायचा तर चौपट. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डीबी लागतात, म्हणजे दहापट वॉट.

म्हणून ८४ डीबीच्या पेटीला ८० वॉट देऊन जो आवाज मिळेल, तो ९० डीबीच्या पेटीला २० वॉटमध्ये मिळतो. ज्याने हे समजून ९० ची पेटी घेतली, त्याचा अ‍ॅम्प्लिफायर, ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पाटी) सगळं लहान झालं.

दुकानातल्या सुट्या स्पीकरवर बऱ्याचदा हा आकडा नसतोच. मग एकाच अ‍ॅम्प्लिफायरवर, व्हॉल्यूमला हात न लावता, दोन स्पीकर आलटून पालटून लावून बघा. जो मोठा वाजेल त्याची सेन्सिटिव्हिटी जास्त, पण दोघांचे ओहम सारखे असतील तरच ही तुलना खरी. लोहचुंबक मोठा दिसला म्हणून फसू नका. कोन जड असेल तर मोठा चुंबकही सुस्तच वाजतो. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये असो की धुळ्यात आग्रा रोडवर, दुकानदाराला असं लावून दाखवायला सांगायला संकोच करू नका. सोबत स्वतःचा मोबाइल आणि ओळखीचं रेकॉर्डिंग न्या.

ओहमची जुळणी

अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर '४-८ ओहम' किंवा 'किमान ४ ओहम' असं लिहिलेलं असतं. अर्थ असा की स्पीकरचे ओहम त्याहून खाली जाता कामा नयेत. वर गेले तर चालतं, फक्त वॉट कमी मिळतात. १६ ओहमचा जुना स्पीकर आजच्या अ‍ॅम्प्लिफायरला लावला तर काही बिघडत नाही, आवाज जरा कमी येईल इतकंच.

खाली जाण्याचा धोका बहुतेक वेळा स्पीकर वाढवताना येतो. कार्यक्रम ऐन रंगात, मागच्या लोकांना ऐकू येत नाही म्हणून कोणीतरी आणखी दोन पेट्या आणतो आणि त्याच टर्मिनलवर पिळून देतो. ८ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्या की ४ होतात. चार जोडल्या की २. अ‍ॅम्प्लिफायर चौपट करंट देऊ बघतो, आधी हीटसिंक तापतं, मग वास येतो, मग शांतता.

चार पेट्या लावायच्याच असतील तर दोन-दोन सिरीजमध्ये, म्हणजे एकामागून एक, घ्या, म्हणजे ८ आणि ८ मिळून १६, आणि अशा दोन जोड्या समांतर जोडा. परत ८ ओहमच मिळतात. चारही पेट्या मात्र एकाच जातीच्या हव्यात. वेगवेगळ्या पेट्या सिरीजमध्ये घातल्या तर एक दुसरीचा आवाज खराब करते.

ब्रिज हा शब्द बोर्डावर किंवा स्विचपाशी दिसला तर थांबून विचार करा. ब्रिजमध्ये दोन चॅनल एकाच स्पीकरला दोन्ही बाजूंनी ढकलतात. प्रत्येक चॅनलला तो स्पीकर अर्ध्याच ओहमचा दिसतो. म्हणून जो अ‍ॅम्प्लिफायर एरवी ४ ओहम सोसतो, त्याला ब्रिजमध्ये ८ च लावायचा.

याच्याशी जोडलेली आणखी एक चूक आता फार होते. जुन्या टेप-डेकवरून काढलेल्या वायरिंगमध्ये दोन्ही स्पीकरचं मायनस एकत्र, म्हणजे तीनच वायरी असतात. टीपीए ३११६ सारख्या आजच्या डिजिटल बोर्डांत प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही टोकांवर सिग्नल असतो, मायनस म्हणजे ग्राउंड नसतं. अशा बोर्डावर दोन मायनस एकत्र केले, किंवा एक टोक बोर्डाच्या लोखंडी डब्याला लागलं, तर आयसी (बोर्डावरची मुख्य चिप) जागच्या जागी जातो. प्रत्येक स्पीकरला स्वतःच्या दोन वायरी, बाकी कशालाही न शिवता. याला अपवाद करू नका.

घरात आजोबांच्या काळचा व्हॉल्व्हचा रेडिओ किंवा अ‍ॅम्प्लिफायर असेल तर त्याचा कायदा वेगळा. त्याच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला ओहम बरोबर त्या त्या टर्मिनललाच जुळवावे लागतात, आणि स्पीकर न लावता तो कधीच वाजवायचा नाही. ट्रान्झिस्टरवाला स्पीकरविना चालू राहिला तर काही होत नाही. व्हॉल्व्हवाल्याचा ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

आता वॉट

खोक्यावरचा '५००० वॉट पीएमपीओ' हा आकडा मनातून काढून टाका. तो कशानेही मोजलेला नसतो. संच उलटा करा आणि मागची लहान पाटी वाचा : '२३० व्होल्ट, ६० वॉट'. भिंतीतून ६० वॉट घेणारं यंत्र स्पीकरला त्याहून जास्त सलग कसं देईल? जुन्या पद्धतीचा, म्हणजे क्लास एबीचा असेल तर त्यातले निम्मे उष्णतेत जातात. सगळ्या पेट्या मिळून ३० वॉट धरा. डिजिटल असेल तर ५० धरा.

सुटा बोर्ड घेणार असाल तर हिशेब स्वतः करता येतो. स्पीकरवर जास्तीत जास्त किती व्होल्ट पोचतील ते घ्या, त्याचा वर्ग करा, आणि ओहमच्या दुपटीने भागा. १२ व्होल्टच्या अ‍ॅडाप्टरवर डिजिटल ब्रिज बोर्ड : १२ गुणिले १२, १४४. ८ ओहमला भागिले १६, म्हणजे ९ वॉट. ४ ओहमला १८. तोच बोर्ड २४ व्होल्टवर ८ ओहमला ३६ वॉट देतो. बोर्ड विकताना शंभर-शंभर वॉट सांगितलेले असतात, पण १२ व्होल्ट २ अँपिअरचा अ‍ॅडाप्टर एकूणच २४ वॉटचा आहे, त्यातून शंभर निघणार कुठून?

आपल्यापैकी अनेकांनी हात साफ केला तो ४४४० चा आयसी घ्या. १३.२ व्होल्टवर, ४ ओहमला, स्टिरिओत दर बाजूला ६ वॉट आणि ब्रिजमध्ये १९ वॉट, एवढीच त्याची मूळ ताकद. शिकायला उत्तम, चहाच्या टपरीवर वाजवायला पुरेसा.

ट्रान्सफॉर्मरवाल्या बोर्डाचं गणित असं. २४-०-२४ चा ट्रान्सफॉर्मर घेतला तर रेक्टिफायरनंतर (एसीचं डीसी करणाऱ्या भागानंतर) २४ गुणिले १.४१४, म्हणजे दोन्ही बाजूंना ३४ व्होल्ट. जोरात वाजताना ते ३० वर येतात, ट्रान्झिस्टर स्वतः दोनेक खातात, उरले २८. वर्ग ७८४, भागिले १६, म्हणजे ८ ओहमला जवळपास ५० वॉट. टीडीए ७२९४ च्या बोर्डासाठी हा ट्रान्सफॉर्मर ८ ओहमच्या स्पीकरबरोबर छान जमतो. पण स्पीकर ४ ओहमचा असेल तर त्याच आयसीला हे व्होल्टेज जास्त होतं. तेव्हा १८-०-१८ घ्या, म्हणजे दोन्ही बाजूंना २५ व्होल्ट. ट्रान्सफॉर्मर ठरवण्याआधी स्पीकर ठरलेला हवा असं मी म्हणतो, ते यासाठी.

आता किती वॉट लागतात? आपल्या खोलीचं बघू. पेटी ८७ डीबीची, कान ३ मीटरवर. अंतरामुळे आवाज कमी होतो, खोलीच्या भिंती थोडा परत देतात, दोन पेट्या आहेत, हे सगळं धरलं तर दर पेटीला १ वॉट दिल्यावर कानापाशी ८३ डीबीच्या आसपास येतात. घरात निवांत ऐकताना सरासरी आवाज ७५ ते ८० डीबी असतो. म्हणजे बहुतेक वेळ तुमचा अ‍ॅम्प्लिफायर अर्धा वॉटसुद्धा देत नसतो. पण ढोलकीची थाप, तबल्याचा 'धा', टाळांचा ठोका हे सरासरीच्या १५ डीबी वर उडी मारतात. त्या क्षणापुरते १० ते २० वॉट लागतात. तर अशा खोलीला दर बाजूला खरे ३० वॉट पुरून उरतात. अंगणात किंवा मांडवात वाजवायचं तर अंतर दुप्पट झालं की ६ डीबी जातात, आणि परत देणाऱ्या भिंतीही नसतात. तिथे वॉटच्या मागे धावण्याआधी ९५ डीबीच्या वरचे स्पीकर घ्या.

माझा ठोकताळा असा : अ‍ॅम्प्लिफायरचे खरे आरएमएस वॉट स्पीकरच्या आरएमएसएवढे किंवा दीडपटीपर्यंत. व्हॉल्यूम ज्याच्या हातात असेल तो समजदार हवा, ही अट धरूनच.

चाळीसच्या अ‍ॅम्प्लिफायरने शंभरचा स्पीकर का जळतो

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. अ‍ॅम्प्लिफायरकडे ठरावीक व्होल्ट असतात. त्यापुढे व्हॉल्यूम फिरवला तर सिग्नलचं टोक कापलं जातं, डोंगराचा माथा छाटून पठार व्हावं तसं. यालाच क्लिपिंग म्हणतात, आपण 'आवाज फाटला' म्हणतो. पूर्ण छाटलेल्या सिग्नलची ताकद तेवढ्याच उंचीच्या गोल सिग्नलच्या दुप्पट असते, म्हणजे चाळीसचा अ‍ॅम्प्लिफायर फाटताना ऐंशीपर्यंत देऊ शकतो.

त्याहून वाईट म्हणजे हे वाढलेलं ओझं कोणावर पडतं ते. बेसचं टोक आधीच छताला टेकलेलं असतं, तो आणखी वाढत नाही. ट्रेबल मात्र व्हॉल्यूमबरोबर वाढतच जातो, आणि छाटण्यातून जे खरखरीत सूर तयार होतात तेही वरच्या पट्टीतलेच असतात. हे सगळं ट्विटरकडे जातं. आणि शंभर वॉटच्या पेटीतला ट्विटर स्वतः साधारण ५ ते १० वॉटच सोसतो, कारण साध्या संगीतात त्याच्या वाट्याला तेवढंच येतं. त्याची कॉईल केसासारख्या तारेची असते. दहा-पंधरा मिनिटांत संपते.

मी अठरा वर्षांचा असताना गल्लीतल्या कानबाईच्या रात्री हेच माझ्या हातून झालं. बेस पूर्ण, ट्रेबल पूर्ण, व्हॉल्यूम पूर्ण. आवाज फाटत होता आणि मला वाटत होतं की जोर कमी पडतोय, म्हणून मी आणखी वाढवत होतो. शेजारच्या एका म्हाताऱ्या बाबांनी जवळ येऊन सांगितलं, "आवाज मोठा नको भो, साफ जोयजे (हवा)." तोवर दोन्ही ट्विटर गेले होते. रोटांच्या पूजेला गाणी म्हणणाऱ्या बायांचा आवाज नंतर घोंगडीतून आल्यासारखा येत राहिला. बाबांचं ते वाक्य अजून कानात आहे आणि दुरुस्तीला येणाऱ्या प्रत्येक पोराला मी तेच सांगतो.

तर फाटलेला आवाज ऐकू आला की हात मागे घ्यायचा. कमी पडत असेल तर आधी बेसचं बटण मधोमध आणा, बेस सगळ्यात जास्त ताकद खातो. ट्विटरला सिरीजमध्ये नॉनपोलर (प्लस-मायनस नसलेला) कंडेन्सर आहे ना, तेही बघा. ८ ओहमच्या ट्विटरला ४.७ मायक्रोफॅरड लावला तर साधारण ४२०० हर्ट्झच्या खालचा भार हलका होतो, २.२ लावला तर ९००० च्या खालचा. स्वस्त पेट्यांत कधीकधी साधा पोलारिटीवाला कंडेन्सर टाकलेला असतो, तो बदलून घ्या.

वायर आणि प्लस-मायनस

दुकानात अजून २३/७६, ४०/७६, ७०/७६ असंच बोलतात. पहिला आकडा तारांच्या संख्येचा, दुसरा एका तारेच्या जाडीचा. अ‍ॅम्प्लिफायरपासून पेटी ८ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १६ मीटर तांबं होतं. २३/७६ मध्ये त्याचा अडथळा सुमारे ०.४ ओहम भरतो, ७०/७६ मध्ये ०.१३. वायरीचा अडथळा स्पीकरच्या ओहमच्या विसाव्या भागापेक्षा जास्त नको. म्हणजे ८ ओहमला २३/७६ जेमतेम चालेल, ४ ओहमला ७०/७६ च घ्या. यापेक्षा महाग वायरीच्या मागे लागू नका. फक्त ब्लेडने एक तार खरवडून बघा, आत पांढरी निघाली तर ते अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे.

दीड व्होल्टचा सेल स्पीकरला क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला तर सेलचं प्लस जिथे टेकलंय तेच स्पीकरचं प्लस. ही खूण वूफरवर (बेसच्या मोठ्या स्पीकरवर) करा, ट्विटरवर नको. दोन पेट्यांपैकी एकीची वायर उलटी लागली तर बेस गायब होतो आणि गाणाऱ्याचा आवाज मधोमध न येता डोक्याभोवती पसरल्यासारखा वाटतो.

आपली वीज आणि आपला उन्हाळा

शहरात बसून लिहिलेल्या माहितीपत्रकात हे मिळत नाही. केळीच्या पट्ट्यात, रावेर-सावद्याकडे, शेतपंप सुरू झाले की गावातलं व्होल्टेज १८० वर येऊ शकतं. ट्रान्सफॉर्मरवाल्या अ‍ॅम्प्लिफायरचे सगळे व्होल्ट त्याच प्रमाणात उतरतात, आणि वॉट तर वर्गाने उतरतात. २३० वर ५० वॉट देणारा १८० वर ३० च देतो. कालपर्यंत साफ वाजणारा संच आज त्याच व्हॉल्यूमला फाटतो, याचं कारण बहुधा हेच असतं. १०० ते २४० व्होल्टचा एसएमपीएस अ‍ॅडाप्टर असलेल्या डिजिटल बोर्डाला याचा फरक पडत नाही. पंपांच्या गावात मी नवख्याला तोच सुचवतो.

रात्री पंप बंद झाले की उलटं होतं, व्होल्टेज २५० च्या वर जातं. २४-०-२४ च्या ट्रान्सफॉर्मरवर तेव्हा ३७ व्होल्ट तयार होतात. तिथे ३५ व्होल्टचे कंडेन्सर लावलेले असले तर ते फुगतात, फुटतातही. ५० किंवा ६३ व्होल्टचेच घ्या. किमतीतला फरक किरकोळ आहे.

आणि उष्णता. हीटसिंक खोलीच्या तापमानाच्या वर तापतं, हे विसरू नका. डिसेंबरात २२ अंशांच्या खोलीत जे हीटसिंक ५० अंशांवर राहतं, तेच मे महिन्यात ४२ अंशांच्या खोलीत ७० वर जातं. जळगाव-भुसावळकरांना मे काय असतो ते सांगायला नको. म्हणून बोर्डाबरोबर मिळतं त्याच्या दुप्पट हीटसिंक लावा, त्याच्या पात्या उभ्या राहतील असं बसवा, म्हणजे गरम हवा वर निघून जाते. काचेच्या शोकेसमध्ये कोंडू नका. वाजवून अर्ध्या तासाने हीटसिंकवर बोट टेकवा. पाच सेकंद ठेवता आलं तर ठीक. बोट लगेच उचलावं लागलं तर हीटसिंक लहान आहे किंवा ओहम कमी आहेत.

घूं असा आवाज सतत येत असेल तर अर्थिंगची पिन कापण्याचा सल्ला देणारे भेटतील. कापू नका. जीव जाऊ शकतो. आधी एकेक करून टीव्ही, मोबाइलचा चार्जर, कॉम्प्युटर अशा जोडण्या काढून बघा. ज्याने आवाज थांबेल तिथे दुरुस्ती करा. इनपुटची वायर शिल्डवाली आणि ट्रान्सफॉर्मरपासून लांब ठेवा.

देवळाचा भोंगा

मंदिर, शाळा किंवा ग्रामपंचायत यांचं काम असेल, वायर शंभर-दोनशे मीटर लांब जात असेल, तर ओहमच्या भानगडीत न पडता १०० व्होल्ट लाइन वापरा. अहुजासारख्या सभा-अ‍ॅम्प्लिफायरवर ४, ८, १६ ओहमच्या शेजारी ७० आणि १०० व्होल्टची टर्मिनल असतात. प्रत्येक भोंग्याला लाइन ट्रान्सफॉर्मर लागतो, त्यावर वॉटची टोकं असतात. सगळ्या भोंग्यांचे वॉट मिळवा, ती बेरीज अ‍ॅम्प्लिफायरच्या वॉटच्या ऐंशी टक्क्यांच्या आत ठेवा. १० वॉटच्या टोकावरचे चार भोंगे म्हणजे ४० वॉट, ६० चा अ‍ॅम्प्लिफायर आरामात चालवतो. एवढी ताकद १०० व्होल्टवर नेताना वायरीतून ०.४ अँपिअरच जातो, म्हणून बारीक वायरही चालते. या १०० व्होल्टच्या टर्मिनलला साधा ८ ओहमचा स्पीकर कधीही लावू नका.

रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावायला २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी मनाई आहे. जागरणाला नंतर घरातल्या घरात लहान पेट्या लावा. 

पहिल्यांदा चालू करताना

सगळी जोडणी वीज बंद ठेवून करा. व्हॉल्यूम शून्यावर, बेस-ट्रेबल मधोमध. नवीन बांधलेला ट्रान्सफॉर्मरचा बोर्ड असेल तर स्पीकर लावण्याआधी मल्टिमीटरने आउटपुटवरचा डीसी मोजा. पाव व्होल्टही दिसला तर स्पीकर लावू नका, कारण तो डीसी थेट कॉईल तापवतो. टोकाला ५० मिलिव्होल्टच्या आत असावा. डिजिटल ब्रिज बोर्डावर हे माप एका टोकापासून ग्राउंडपर्यंत घेऊ नका, स्पीकरच्या दोन टोकांमध्येच घ्या.

मग ओळखीचा आवाज लावा. मी घरच्याच माणसाचं रेकॉर्डिंग वापरतो. आईने जात्यावरच्या चार ओव्या म्हटल्या होत्या, मोबाइलवर शांत खोलीत घेतलेल्या. संगीताच्या गर्दीत दोष लपतात. आईचा आवाज कसा आहे हे मात्र कानाला पक्कं माहीत असतं. नाकातून येतोय का, छातीतून घुमतोय का, 'स' टोचतोय का, लगेच कळतं. तो बरोबर आला की मग हार्मोनियम-तबला, मग बँड.

शेवटी एक काम करा. मोबाइलचा आवाज ऐंशी टक्क्यांवर ठेवा आणि भरपूर ढोलकी असलेलं गाणं लावून अ‍ॅम्प्लिफायरचा व्हॉल्यूम हळूहळू वाढवा. आवाज जिथे पहिल्यांदा कडक व्हायला लागतो तिथून किंचित मागे या, आणि बटणाच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या. घरातल्या, मंडळातल्या सगळ्यांना सांगा, यापुढे फिरवायचं नाही. हीच चाचणी एकदा दुपारी पंप चालू असताना करा आणि एकदा रात्री, आणि दोन ठिपक्यांतला जो खालचा निघेल तो ठेवून दुसरा पुसून टाका.